बुधवारचा फेर

विंब्री बेट
१२ जानेवारी

डोशी आत्या,

ख्रिसमसला पाठवलेलं कार्ड परत आलं नाही, म्हणजे फिलाडेल्फियाचा पत्ता बरोबर असावा. ते तू उघडलंस की नाही, हे कळायला मला मार्ग नाही. हे पत्र तरी उघड.

हाताने लिहिते आहे, कारण शाळेने दिलेल्या लॅपटॉपवर मी आता घरचं काही लिहीत नाही. त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे. हे पत्रही शाळेतल्या पेटीत न टाकता पुलापलीकडे जाऊन टाकणार आहे. वेडेपणा वाटला तर आठव, असं बघायला मला तूच शिकवलंस.

माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे. नीट सांगायचं तर माझ्याविरुद्ध नाही, मी आठवीच्या वर्गात दाखवलेल्या एका चित्रपटाविरुद्ध. नव्या नियमाने कोणीही पालक अशी हरकत घेऊ शकतो, आणि त्याचं नाव शिक्षकाला सांगत नाहीत. फेब्रुवारीत जिल्ह्याची समिती सुनावणी घेईल. हरकत टिकली तर नुसता तो चित्रपट जाणार नाही, माझा शुक्रवारचा अख्खा तास जाईल.

हा तास म्हणजे तुझं स्वयंपाकघर आहे, आत्या. तू भिंतीला चादर लावायचीस, प्रोजेक्टर घरघरायचा, आपण दोघी शेंगा सोलत बघायचो, आणि तू मध्येच चित्र थांबवून विचारायचीस: कॅमेरा कोणाच्या हातात आहे? पैसे कोणी दिले? यातलं कोण कॅमेऱ्याकडे बघायचं टाळतंय? मी तेच करते. आपल्या काळ्या लोकांचा इतिहास या मुलांच्या पुस्तकात चार पानांत उरकलाय. चित्रपटांत तो भरपूर आहे, पण तिथे तो उकरावा लागतो. गेल्या शुक्रवारी एक जुना विनोदी चित्रपट लावला होता. गोऱ्या मालकिणीच्या घरात काळी मोलकरीण हसत हसत जेवण वाढते. मी चित्र थांबवलं.

जेरिको म्हणाला, "मिस, ती हसतेय, पण ताटली बघा कशी धरलीय. आत्ता फोडेल."

"मालकिणीला नाही हसत ती," केझाया म्हणाली. "कॅमेऱ्यामागच्या माणसाला हसतेय. पगार तो देतो ना."

मग सगळा वर्ग पडद्याशी बोलायला लागला. 'बाई, निघ तिथून', 'सूप सांड त्याच्या अंगावर'. मागच्या बाकावर उपमुख्याध्यापक मिस्टर प्रुइट बसले होते. तक्रार आल्यापासून ते येऊन बसतात. त्यांनी फोन काढून वर्गाचे फोटो घेतले. तास संपल्यावर म्हणाले, "मुलं फार बोलतात हो. आणि तुम्ही सारखं थांबवता का? सलग बघू देत जा की, मजा जाते."

मी 'बरं' म्हटलं. फोटो कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही. हरकत त्यांनीच कोणाला तरी घ्यायला लावली असेल, असा माझा संशय आहे. पुरावा नाही, हेही लिहून ठेवते.

झिपोरा


२० जानेवारी

डोशी आत्या,

मागच्या पत्रात कोणत्या चित्रपटावर हरकत आहे ते मी लिहिलं नाही. विसरले नव्हते.

आपल्याच बेटावर एकाहत्तर साली विद्यापीठातल्या लोकांनी घेतलेला तो माहितीपट. प्रार्थनाघरासमोर म्हातारी माणसं शाउट करताहेत, प्रार्थनेचा फेर धरून गोल फिरत, टाळ्या वाजवत, एक जण काठी आपटून ठेका धरतोय. मध्येच कॅमेरा एका दहा वर्षांच्या मुलीवर येतो आणि तिच्या चेहऱ्यावरच थांबतो. तिने डोळे मिटलेत. डाव्या भुवईत खाच आहे.

ती तू आहेस. मला पहिल्या क्षणी कळलं.

तू मला इतके चित्रपट दाखवलेस, हा कधी दाखवला नाहीस. असा एखादा आहे हेही सांगितलं नाहीस. मला तो विद्यापीठाच्या संग्रहात अचानक सापडला. आणि शाउट म्हणजे तरी मला काय माहीत होतं? तू प्रार्थनाघरात जायचीस तेव्हा मी गाडीत बसायची. भिंतीतून काठीचा आवाज यायचा. आत नेत नव्हतीस, कारण विचारलं की म्हणायचीस, "तुझी वेळ आली की." वेळ आली नाही. मी जिल्ह्याच्या शाळेत नोकरी धरली, तू म्हणालीस, "ज्यांनी आपल्याला आयुष्यभर दाखवलं, त्यांच्याच घरात बसून तूही दाखवणार?" आणि फिलाडेल्फियाला मुलाकडे निघून गेलीस.

तर हा चित्रपट मी वर्गात लावला. खरं सांगते, हा एकच असा, जो मी एकदाही न थांबवता दाखवला. प्रश्न विचारले नाहीत. दिवे लावून म्हटलं, "हे आपलं आहे. हे अस्सल आहे." मुलं गप्प होती. ही मुलं गप्प बसली म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही.

नंतर त्यांनीच ठरवलं की फेब्रुवारीतल्या इतिहासाच्या कार्यक्रमात आपण शाउट करायचा. चित्रपट बघून बघून बसवताहेत. जेरिकोने झाडूचा दांडा आणलाय ठेक्याला. केझाया सगळ्यांच्या पुढे असते, कारण तिची पणजी, आपल्या मिस युफीमिया, अजून प्रार्थनाघरात जातात. पडद्यावरची मुलगी माझी आत्या आहे, हे मी मुलांना सांगितलेलं नाही.

काल मिस्टर प्रुइटनी जिन्यात गाठलं. "त्या चित्रपटातली लहान मुलगी. कोण असेल ती? जिवंत असेल?"

मी म्हटलं, "घंटा झाली," आणि वर गेले. घंटा खरंच झाली होती.

त्यांना तू कशाला हवी आहेस?

झिपोरा


२९ जानेवारी

डोशी आत्या,

आज केझाया माझ्या टेबलाशी आली.

"मिस, मी नाही करणार शाउट."

"का गं?"

"गुडघा दुखतो."

"कोणता?"

तिने डावा सांगितला आणि जाताना उजव्या पायाने लंगडली. मी तिला हाक मारली नाही. लहान मुलाला खोटं बोलताना पकडलं की ते पुढचं खोटं जास्त चांगलं बोलतं, असं तूच म्हणायचीस.

सुट्टीत जेरिकोला विचारलं. तो तिच्या शेजारी राहतो. विचारणं बरोबर होतं का, याचा मी नंतर बराच विचार केला.

"तिचा गुडघा ठणठणीत आहे, मिस. पणजी नको म्हणते, ही तरी येत होती. तयारी सुरू झाली त्याच आठवड्यात अंगणात शाउट करून दाखवत होती पणजीला. म्हातारी हसली. म्हणजे कशी, खुर्चीतून खाली येईल की काय असं वाटलं आम्हाला. मग एकदम गप्प. मग रडायला लागली. मग केझायाला आत घेतलं नि दार लावलं."

"आणि?"

"आणि फोन लावला. फिलाडेल्फियाला. मी खिडकीखाली होतो. म्हणजे, बॉल आणायला गेलो होतो."

"काय बोलत होत्या?"

"मोठ्यांचं ऐकू नये, मिस."

आता ऐकू नये, आणि खिडकीखाली कान लावून बसला होता. पण मला हवं ते कळलं होतं. आपल्या बेटावरून फिलाडेल्फियाला फोन करावा असं कोण आहे तिथे, आत्या?

मी कपाटातल्या तक्रारीच्या कागदावरची तारीख पुन्हा पाहिली. कार्यक्रमाची तयारी सुरू झाली त्याच आठवड्यातली आहे. मिस्टर प्रुइट तर त्यानंतर वर्गात यायला लागले.

झिपोरा


३१ जानेवारी

आत्या,

हरकत तू घ्यायला लावलीस. हो ना?

तू स्वतः घेऊ शकत नाहीस, कारण तुझं मूल या शाळेत नाही. मिस युफीमिया केझायाच्या पालक आहेत, त्या घेऊ शकतात. तू तिथून सांगितलंस आणि त्यांनी सही केली. मी ही नोकरी धरली तेव्हा तू म्हणाली होतीस की ते तुला जेवढं दाखवू देतील तेवढंच तू दाखवशील. आता ते दाखवू देताहेत, तर थांबवायला तू.

तुझा चेहरा त्यात आहे म्हणून? नको होता तर मला सांगायचंस. मी एका शब्दावर काढून टाकला असता. समितीसमोर जायची काय गरज होती? त्यांना आपला तास बंद करायला कारणच हवं आहे, आणि ते तू आपल्या हातांनी नेऊन दिलंस.

उत्तर दिलं नाहीस तर तेच उत्तर समजेन.

झिपोरा


८ फेब्रुवारी

डोशी आत्या,

मागचं पत्र मिळालं असेल. ते मागे घेता येत नाही, तेव्हा त्यातली चूक दुरुस्त करते. अर्धं बरोबर होतं. तेही महत्त्वाचं अर्धं नाही.

शनिवारी मी मिस युफीमियांकडे गेले. त्या ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, "हरकत तुम्ही घेतलीत?"

"घेतली. बस. हात धू आणि सोलायला लाग."

"आत्याने सांगितलं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बसले.

"डोशी म्हणाली, 'फेमी, अजिबात घेऊ नकोस.' तासभर भांडली माझ्याशी. आता तू तिच्यावरच आळ घेऊन माझ्या दारात उभी. म्हणून सांगते. नाहीतर तुला सांगायची वेळ आलेली नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण मला काय सांगितलं गेलं ते तुलाही कळायला हवं, आणि त्यात काही चूक असेल तर तू सुधारावंस.

विद्यापीठातली माणसं आली, तेव्हा प्रार्थनाघरातले लोक त्यांना सारखे नाही म्हणत राहिले. मग ज्याच्या जमिनीवर प्रार्थनाघर उभं होतं त्या गोऱ्या माणसाने निरोप पाठवला की पाहुण्यांना नाराज करू नका. नाहीतर काय, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"मग सगळे म्हातारे बसले," मिस युफीमिया म्हणाल्या. "मी तेव्हा पस्तिशीची. ठरलं की द्यायचं, पण घरातलं नाही द्यायचं. शाउट रविवारी, मंगळवारी, गुरुवारी. त्यांना दिला बुधवार. आपण घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. त्या दिवशी काट्याबरोबर फिरलो. पाय पायावरून टाकले. खऱ्या शाउटात पाय जमीन सोडत नाही, समजलं? पायावरून पाय गेला की तो नाच. आणि नाच केलास तर म्हातारे दंडाला धरून बाहेर काढायचे."

"आणि गाणं?"

"गाणं कोंबडीचं. मका खाते ते. रडत रडत, संथ लावून म्हटलं. एका साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही घरी येऊन आठवडाभर हसत होतो. आणि सगळ्यांत छान केलं कोणी? डोशीने. पोरगी डोळे मिटून अशी डोलली की कॅमेरा हलेचना तिच्यावरून."

मी कोळंबी सोलायची थांबले होते. त्या म्हणाल्या, "हात चालू ठेव."

"मग आत्या मला का..."

"ती फिलाडेल्फियाला कॉलेजात गेली ना, तिथे वर्गात तोच चित्रपट लावला. मास्तराने तिच्या चेहऱ्यावर थांबवला आणि म्हणाला, बघा, ही खरी तंद्री. डोशी तिसऱ्या बाकावर बसलेली. बोलली नाही. बोलली असती तर ते परत आले असते, खरं मागायला. तिने मला पत्र लिहिलं तेव्हा, 'फेमी, माझ्यापेक्षा मास्तर जास्त खूश होता.' पण तिला ते लागलं होतं. नंतर घरी येऊन तिने तुला शिकवायला घेतलं, ते उगाच नाही घेतलं."

मला हे माहीत नव्हतं, आत्या. तू कॅमेऱ्यामागे कोण आहे ते मला इतक्यांदा का विचारायचीस, तेही माहीत नव्हतं. मी सगळ्यांवर संशय घेतला. मिस्टर प्रुइटवर, केझायाच्या गुडघ्यावर, तुझ्यावर. चित्रपटावर तेवढा घेतला नाही. आपल्या माणसांचा होता ना.

"आत्या हरकत घेऊ नको का म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तो चित्रपट कुत्र्यासारखा फाटकाशी बसलाय, बसू दे. लोक त्याच्याशी खेळतात नि परत जातात. आत कोणी येत नाही. बरोबरच आहे तिचं." त्यांनी कोळंबीची सालं एका बाजूला लोटली. "पण माझी पणती माझ्या अंगणात पायावरून पाय टाकत, डोळे मिटून, कोंबडीचं गाणं म्हणते नि मला सांगते, पणजी, हे आपलं आहे, मिसने शिकवलं. मी आधी हसले. मग मला कळलं की मी मेले की हिच्याकडे एवढंच राहणार. परक्यांसाठी वाढलेलं ताट तू आपल्याच पोरांपुढे ठेवलंस, बाळ."

"मला येऊन सांगायचं होतंत."

"सांगितलं तर मग सांगितलंच की. तू मास्तरीण. कारण विचारणार, मग मुलांना कारण देणार. सही केली, कारणाची जागा मोकळी सोडली. म्हटलं, बंद करतील एक चित्रपट. सगळा तास बंद करतील हे मला कोणी सांगितलं?"

"सुनावणीत कारण विचारतील."

"मी येणार नाही. तुला विचारतील."

एवढं बोलून त्यांनी मला निम्मी कोळंबी बांधून दिली आणि केझायाला हाक मारून भात लावायला सांगितलं. केझाया दोन्ही पायांनी नीट चालत आली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिला गुडघा आठवला.

झिपोरा


१९ फेब्रुवारी

डोशी आत्या,

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

समितीच्या अध्यक्ष मिसेस टॉलिव्हर मधोमध बसल्या होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की हरकत 'तुमच्याच समाजातून' आली आहे, तेव्हा समितीला ती गंभीरपणे घ्यावी लागेल. हे त्या दुःखाने म्हणाल्या. मला ते दुःख फारसं पटलं नाही, पण मी त्यांच्या मनात शिरलेले नाही.

मग मिस्टर प्रुइट उठले. मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले की या शाळेत इतकी वर्षं काढली, पण शुक्रवारच्या शेवटच्या तासाला एकही मूल झोपलेलं नाही असा वर्ग त्यांनी पाहिला नव्हता. ते फोटो त्यांनी समितीपुढे ठेवले. मुलं पुढे झुकलेली, जेरिको अर्धा उभा, केझायाचा हात वर. "मुलं पडद्याशी बोलतात," ते म्हणाले. "मला आधी गोंधळ वाटला. ती खरं तर वाचताहेत."

आत्या, त्या माणसाबद्दल मी काय काय धरून बसले होते ते तुला मागच्या पत्रांत दिसेल.

पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी विद्यापीठाला लिहिलं होतं. चित्रपटातली ती लहान मुलगी शोधायला. तिला शाळेत बोलवायचं, मुलांसमोर तिच्याकडून त्या दिवसाची हकीकत ऐकायची, वर्तमानपत्रवाले बोलवायचे. मग कोण हरकत घेईल? विद्यापीठाला कल्पना फार आवडली होती. त्यांनाही पुन्हा यायचं होतं, चांगला कॅमेरा घेऊन. मिस्टर प्रुइट हे सांगताना माझ्याकडे बघून हसले. मला मदत करत होते ते. 

"मिस गॅड्सडेन," मिसेस टॉलिव्हर मला म्हणाल्या, "अर्जात कारण दिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे?"

"हो."

"मग सांगा."

"सांगणार नाही."

"सांगता येत नाही, की सांगणार नाही?"

"सांगणार नाही."

कोणीतरी खुर्ची हलवली. "चित्रपटात काही चुकीचं आहे का?"

इथेच सगळं होतं. हो म्हटलं असतं तर हरकत साध्या चुकीची ठरली असती, त्यांनी एक चित्रपट काढून दुसरा लावायला सांगितलं असतं, तास वाचला असता. मग त्यांनी विचारलं असतं, काय चुकीचं? आणि बुधवारनंतर कोणीतरी रविवार मागायला आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ते खोटं होतं.

मी म्हटलं, "तो दाखवण्याचा माझा निर्णय चुकीचा होता. हरकत योग्य आहे. मला ती मान्य आहे."

"आणि ती मुलगी?" मिस्टर प्रुइट हळूच म्हणाले. "तुम्ही ओळखता तिला?"

मी खोटं बोलले नाही. मी पाणी प्यायले. पेला रिकामा होईपर्यंत प्यायले आणि तो खाली ठेवला. त्यांना काहीतरी कळलं असावं. काय कळलं, ते मला माहीत नाही. ते समितीकडे वळले आणि म्हणाले की शिक्षिकेलाच चित्रपट नको असेल, तर विद्यापीठाला आपण नाही कळवू. "पत्र मी लिहिलं होतं, उत्तरही मीच देईन."

तास बंद झाला. माझ्या फाइलमध्ये शेरा आला: 'समितीस सहकार्य केले नाही.' हे बरोबर आहे. शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलं आता छापील प्रश्नांची उत्तरं लिहितात.

शाउट कार्यक्रमातून काढला. का, ते मी मुलांना सांगू शकले नाही. जेरिको झाडूचा दांडा परत घेऊन निघाला तेव्हा दारात थांबला.

"मिस, तुम्ही हो म्हणालात म्हणे. त्यांनी काही केलं नाही, तुम्हीच बंद केलंत."

"हो."

"पैसे कोणी दिले, मिस?"

हे तो हसून म्हणाला नाही. सगळा वर्ग माझ्याकडे त्याच नजरेने बघत होता, जी मी त्यांना महिनोन्‌महिने शिकवली. कोणी टाळत नव्हतं. मीच फळ्याकडे वळले.

उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही.

झिपोरा


८ मार्च

डोशी आत्या,

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मिस युफीमियांनी मला बोलावणं पाठवलं. ओट्यावर केझायाही होती.

"ही उन्हाळ्यात खऱ्या शाउटाची सुरुवात करेल," त्या म्हणाल्या. "पण हिच्या शाळेतच कोणी असावं ज्याला माहीत आहे. मी काय कायमची आहे? तू आधी."

मला वाटलं त्या मला शिकवतील. विचारलं, रोज किती वाजता येऊ? त्या इतक्या हसल्या की केझायाने त्यांची खुर्ची धरली.

"वर्ग नसतो त्याचा. रानात जायचं. एकटीनं. उजाडताना. प्रार्थना करायची आणि वाट बघायची. तुला शिकवणारा माणूस तू निवडायचा नाहीस. तो स्वप्नात दाखवला जातो. मग येऊन मला सांगायचं कोण दिसलं. त्याच्याकडे जायचं आणि म्हणायचं, मला तुम्ही दाखवले गेलात."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"दाखवलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आजवर कोणी म्हटलेलं नाही."

म्हणून मी शाळेआधी खाडीमागच्या ओकच्या रानात जाते आहे. बूट चिखलाने भरतात आणि पहिल्या तासाला मुलं माझ्या पायांकडे बघतात. बरेच दिवस काही झालं नाही. मी तशीच माणूस आहे जिला काही होत नाही, असं मला वाटायला लागलं होतं. मग दिसलं.

तू दिसलीस. आताची नाही. दहा वर्षांची, भुवईत खाच, प्रार्थनाघराच्या पायरीवर बसलेली. तू काही बोलली नाहीस. सरकून मला जागा केलीस.

मिस युफीमियांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिला लिही." मी म्हटलं, पण मी तो चित्रपट इतक्यांदा पाहिलाय, तिचा चेहरा डोळ्यांत बसलाय. आणि ती परत यावी असं मला वाटतं, फार वाटतं. स्वप्न दाखवलं गेलं की मीच घडवलं, हे कसं ओळखायचं? त्या म्हणाल्या, ते मला विचारू नकोस, मला त्यात पडायचं नाही.

मी त्यावर विचार केला आहे. स्वप्नात तुझ्या अंगात फ्रॉक होता, त्या बुधवारचाच, मोठ्या कॉलरचा. आणि त्याला रंग होता. चित्रपट काळापांढरा आहे. आपल्या घरात तुझा लहानपणीचा रंगीत फोटो एकही नाही, मी सगळे पुन्हा काढून पाहिले. मिस युफीमियांना विचारलेलं नाही. म्हणजे तो रंग मला कुठूनही कळायला नको.

मला कोणता दिसला ते मी इथे लिहीत नाही. मुद्दाम. लिहिला तर तू माझ्यावर दया करून हो म्हणशील, किंवा रागाने नाही म्हणशील, आणि मला दोन्ही वेळा संशय राहील. तू मला फक्त फ्रॉकचा रंग कळव. फोनवर सांगितलास तरी चालेल, एका शब्दावर फोन ठेवलास तरी चालेल. जुळला तर तुला यावं लागेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वरची खोली मी झाडून ठेवली आहे. हे सांगायला नको होतं, पण लपवलं तर तेही एक प्रकारचं खोटंच.

नाही जुळला, तरी खरा रंगच कळव. मी पुन्हा रानात जाईन.

झिपोरा